कोणतं सर

महालिंग सरांसमोर ‘झाडाखाली बसू या’ असं म्हणायची सोय नव्हती. शाळेवर रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी तसं म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडता उघडता सर थांबले.

“कोणत्या?”

मी मैदानाकडं बघितलं. मैदानात एकच झाड होतं. “त्याच,” मी म्हणाले. “दुसरं आहे कुठं?”

“दुसरं न्हाई, हे खरंय. पर एकुलतं एक पोरगं आसलं तरी त्याला नाव ठिवतोत का न्हाई, बाई?”

झाड करंजाचं होतं. मला ते माहीत नव्हतं. नांदेडात वाढलेली, डी.एड. झालेली, वर मराठी घेऊन एम.ए. केलेली मी, आणि पहिलीतल्या एका शेंबड्या पोरानं मला ते नाव सांगितलं. मला भारी राग आला. संध्याकाळी घरी येऊन मी नवऱ्याला म्हणाले, जोडीला एक तिरपागडा माणूस मिळालाय, आता माझं काही खरं नाही.

शाळा जिल्हा परिषदेची, भोकर तालुक्यातल्या एका लहान गावातली, चौथीपर्यंतची. खोल्या दोन आणि शिक्षकही दोनच. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी नांदेडहून ये-जा करायची. सर भोकरला एक खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारी उदगीरला घरी जायचे. सडपातळ माणूस, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, बाही फक्त एकदा दुमडलेली. मुलानं बरोबर उत्तर दिलं की त्यांच्या तोंडून ‘छलो!’ यायचं. कानडीत चांगलं म्हणायचं असलं की असं म्हणतात, हेही मला पोरांनीच सांगितलं. गावात त्यांना महालिंग सर असं कुणी म्हणत नसे. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, कोणतं सर. हॉटेलात कुणी ‘चहा टाक’ म्हणालं की बाकावरची माणसं मुद्दाम विचारायची, “कोणता?” सर तिथं बसलेले असले तर तेही हसायचे.

हे खूळ उदगीरच्या दुकानातून आलेलं. त्यांच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. आजोबा नातवाला डोळे मिटायला लावायचे आणि नाकाखाली एकेक डबा धरायचे. ओवा, शहाजिरं, बाळंतशेपा, नागकेशर. नाव सांग, मगच चिमूटभर खा. ज्याला मालाचं नाव येत नाही त्यानं गल्ल्यावर बसू नये, असं आजोबांचं म्हणणं. पुढं दुकान चुलत भावांकडे गेलं, सर मास्तर झाले, पण डबे काही सुटले नाहीत. त्यांच्या वर्गात खिडकीखाली बिस्किटांचे, चहापत्तीचे, खजुराचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले असत. प्रत्येक डब्यात पुस्तकात भेटलेल्या एका शब्दाची वस्तू. एकात गाळ, एकात मुरूम, एकात पोयटा, एकात चुनखडी. सरकी, सापाची कात, लोखंडाचा गंज.

शाळेच्या पेटीत पुस्तकं बरी होती. सरांनी त्यांचे दोन ढीग केले होते. एक राजाराणीच्या आणि बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टींचा, दुसरा ‘खऱ्या पुस्तकांचा’. गांडूळ, मुंगी, विहीर, शरीर, कापूस, नदी कुठून येते, अशी ती पातळ चित्रांची पुस्तकं. सर रोज तासभर पोरांना त्यातलं वाचून दाखवायचे, मग पोरं स्वतः वाचायची. नियम एकच. अनोळखी शब्द आला की थांबायचं. तो शब्द डोळ्यांनी बघितल्याशिवाय, हातात घेतल्याशिवाय किंवा निदान त्याच्या भाऊबंदाला भेटल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. विहिरीच्या पुस्तकातलं एक पान आठवडाभर चाललेलं मी बघितलंय. रहाट, धाव, कठडा, झरा, उपसा. सगळा वर्ग शेजारच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर पोटावर पालथा, आणि सर मागून एकेकाचे पाय धरून उभे.

मी गोष्टींवर वाढलेली बाई. मला हे रुक्ष वाटायचं. एकदा मी भांडलेच. म्हटलं, सर, लेकरं आहेत ती, त्यांना परीची, सशाची गोष्ट नको का?

“गोष्ट वाईट न्हाई, बाई. घरी आज्जी सांगतीया की. पर गोष्टीत पोरगं पुढं पळतंय. राजाचं काय झालं, राजाचं काय झालं. मधी चार शब्द कळले न्हाईत तरी त्याचं काही अडत न्हाई. गांडुळाच्या पुस्तकात पळून पळून जाणार कुठं? गांडूळच पळंना!”

मला हसू आलं आणि माझं भांडण तिथंच संपलं.

मात्र स्वतः न बघितलेली वस्तू सर शिकवत नसत. समुद्राचं एक सुंदर पुस्तक पेटीत होतं. ते त्यांनी कधीच काढलं नाही, कारण त्यांनी समुद्र बघितला नव्हता. मी म्हटलं, मग चंद्राचं पुस्तक कसं वाचता? तर म्हणाले, चंद्र दिसतोय की.

नदीच्या पुस्तकात ‘हिमनदी’ आली तेव्हा मात्र पंचाईत झाली. पोरांना हिम माहीत नाही आणि सरांनाही नाही. दोन दिवस वाचन बंद. तिसऱ्या दिवशी सर भोकरच्या बर्फवाल्याकडून भली मोठी लादी पोत्यात, लाकडाच्या भुशात गुंडाळून एस.टी.तून घेऊन आले. अर्धी लादी कंडक्टरच्या पायाशी वितळली आणि बाकीची फाट्यापासून सरांच्या पाठीवर. गाळ लागलेल्या वारकऱ्याच्या धोतरासारखी त्यांची पँट. त्यांनी मैदानात वाळूचा उतार केला, त्यावर खडे पसरले आणि लादी ठेवली. ती इतकी हळू सरकत होती, की पोरांनी श्वास धरले. खाली येताना ती खडे पुढं ढकलत होती आणि मागं ओली चरी पडत होती. “ही अशी. पर डोंगराएवढी. आन् वर्षानुवर्षं.” मग पोरांनी हिमनदी चाटून संपवली. दुसऱ्या दिवशी पाचजणांना सर्दी आणि पाच आया शाळेच्या दारात. सर त्यांच्यासमोर हात जोडून उभे आणि मागून एक सर्दाळलेला आवाज, “आये, हिमनदी होती ती, बर्फ नव्हता.”

घरचा शब्द त्यांनी कधी हाकलला नाही, हे मला फार आवडायचं. मुंगीच्या पुस्तकात ‘शृंगिका’ आल्या. पोरं म्हणाली, सर, मिशा. दुसरा कुणी मास्तर असता तर खडू फेकून मारला असता. सर म्हणाले, “आपल्या घरी मिशा, पुस्तकाच्या घरी शृंगिका. दोन्ही घरं आपलीच.” माझ्या चौथीतली पोरं माझ्यासमोर तोंड उघडायला लाजत. त्यांची पहिलीतली पोरं बोलून बोलून डोकं उठवायची.

त्यातली सगळ्यात बोलकी वैष्णवी. आमच्या शाळेची खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाईंची मुलगी. पहिलीत असताना सरांनी घरून माती आणायला सांगितली, तर बाकीच्यांनी एकेक मूठ आणली आणि हिनं ओच्यात सात पुड्या बांधून आणल्या. काळी, पांढरी, बरड, चिबड आणि आणखी काय काय. “माती म्हणला, सर. कोणती ते बोलला न्हाईत.” सर त्या दिवशी इतके खूश झाले, की त्यांनी स्वतःच्या डब्यातली शेंगांची पोळी तिला दिली. सुमनबाई चुलीपाशी कपाळाला हात लावायच्या. “सर, पोरगी घरी जेवू देईना. तेल म्हणलं की कोणतं, पीठ म्हणलं की कोणतं. हिच्या बापानं काल ताट सोडलं.” पण सांगताना त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला अभिमानच म्हणतात.

हे असंच चालेल, असं मला वाटायला लागलं होतं. चालणार नव्हतं.

पहिला धक्का ओंकारच्या बापानं दिला. ओंकार दुसरीतला, हळू पण खोल. वर्गात कापसाचं पुस्तक चालू होतं आणि सरांनी पोरांना घरातल्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांवरची चिठ्ठी वाचून यायला सांगितली होती, हात न लावता, लांबून. ओंकारनं चिठ्ठीवरचा लाल चौकट बघितली आणि ‘अतिविषारी’ हा शब्द बघितला. दुसऱ्या सकाळी बाप फवारणीला निघाला, तर पोरगं पंपाला मिठी मारून बसलं. नाकाला बांधल्याशिवाय जाऊ देईना. बापानं त्याला दोन लगावल्या आणि तडक शाळेत आला.

“सर, तुम्हाला पोरास्नी लिहाय-वाचाय शिकवाय ठिवलंय का बापावर सोडाय?”

“बाटलीवर लिव्हलंय ते वाचलं त्यानं. वाचायच शिकवलंय.”

“वीस वर्सं फवारायलोय मी. मेलो का?”

त्या आठवड्यात ओंकारचा दाखला गेला. भोकरच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आमच्या दारावरूनच जायची. ओंकार पहिले काही दिवस खिडकीतून हात हलवायचा, मग तोही बंद झाला. त्याच्यामागं आणखी चारजण गेले. त्या शाळेत पोरं इंग्रजी कविता घडाघडा म्हणतात, असं गावात कौतुक होतं. खरंही होतं. म्हणायची घडाघडा.

दुसरा धक्का वाचनचाचणीचा. तालुक्यातून माणसं येतात, एकेका मुलाला उतारा देतात आणि मोबाईलवर मिनिट लावतात. मिनिटात किती शब्द वाचले, तेवढं मूल वाचतं. वैष्णवी तेव्हा दुसरीत होती. मला तिची काळजी नव्हती, ती केव्हाच वाचायला लागली होती. तपासायला आलेला तरुण चांगला होता, प्रेमानं बोलत होता. त्यानं उतारा पुढं ठेवला आणि बोट मोबाईलवर.

“सकाळ झाली,” वैष्णवीनं वाचलं. “झाडावर...” थांबली. “कोणत्या झाडावर, सर?”

“वाच ना बाळ पुढं.”

“झाडावर पक्षी बसला.” पुन्हा थांबली. मान वर केली. “कोणता पक्षी?”

“कोणता पण. वाच, वाच.”

“कोणता पण कसा बसंल? होला आसंल तर तारंवर बसतोय. सातभाई आसतील तर एकटा बसत न्हाई.”

खिडकीबाहेरून मोठ्यानं आवाज आला, “छलो!” सरांना आत यायला मनाई होती, म्हणून ते व्हरांड्यात उभे राहून ऐकत होते. तरुणानं दचकून तिकडं बघितलं, तेवढ्यात मिनिट संपलं. पाच शब्द. वैष्णवी अप्रगत. पाठोपाठ सगळा वर्ग अप्रगत, कारण प्रत्येकजण थांबत होता. जिथं शिकवलं होतं तिथंच थांबत होता.

आठ दिवसांनी केंद्रप्रमुख आले. वाईट माणूस नव्हता तो. करंजाखाली खुर्ची टाकून बसला, चहा घेतला आणि म्हणाला, “सर, पोरगी हुशार हाय, मी मान्य करतो. पर ॲपमधी हुशारीचा रकाना न्हाई. मी काय भरू?”

“थांबली ते भरा.”

“थांबली म्हंजे अडखळली, असंच हाय त्याच्यात.”

“अडखळणं येगळं, थांबणं येगळं, साहेब.”

“मला सांगून काय उपयोग? मला वरून इचारतेत, मी खाली इचारतो.” मग त्यानं वर्गात डोकावलं आणि खिडकीखालचे डबे बघितले. “हे भंगार तेवढं काढा. इंचूकाटा निघंल, आन् पुन्हा आपल्याच नावानं बातमी.”

सरांनी त्या वेळी डबे काढले नाहीत. दुसऱ्या चाचणीला तीन महिने होते. त्यांनी जमेल तेवढा सराव घेतला, पण त्यांचं मन त्यात नव्हतं आणि पोरांना ते बरोबर कळत होतं. दुसऱ्या चाचणीतही पोरं थांबली. मग पत्र आलं. यापुढे चारही इयत्तांचा वाचनाचा तास मॅडमनी आळीपाळीनं घ्यावा, सरांनी त्या वेळेत उरलेल्या मुलांचं गणित पाहावं.

पत्र माझ्या नावानं होतं. मी ते दिवसभर पर्समध्ये ठेवलं. संध्याकाळी फाट्यावर जीपची वाट बघताना त्यांच्या हातात दिलं. सरांनी वाचलं, घडी घालून परत दिलं. मग एकदम म्हणाले, “माझा धाकटा भाऊ होता, बसव. सहा वर्षांचा.”

इतक्या वर्षांत मी हे नाव ऐकलं नव्हतं.

“आमच्या घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी. बसवला दोन्हीतलं थोडं थोडं. त्याला काही झालं की ‘पोट’ म्हणायचा. गुडघा फुटला तरी पोट. एकदा लई आजारी पडला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं इचारलं, धाप लागते का, छातीत भरून येतं का? ह्यो नुसता बघायलाय. कळंनाच त्याला. मग इचारलं, पोट दुखतं का? तर हाव म्हणला. ओळखीचा शब्द सापडला ना. जंताचं औषध दिलं. चौथ्या दिवशी गेला. छातीत होतं सगळं. मी तिथंच उभा होतो, बाई. मी अकरा वर्षांचा. मला बी धाप म्हंजे काय, ठाऊक नव्हतं. आन् मी बी इचारलं न्हाई.”

मला वाटलं, एका शब्दानं वाचला असता का तो? त्या काळात, त्या दवाखान्यात? कदाचित नसता. पण हे बोलायची माझी हिंमत झाली नाही. ते पत्र मी पुन्हा पर्समध्ये घातलं.

“मग मी काय करू, सर?” मी विचारलं. “नाही म्हणून कळवू?”

“तुम्ही करा, बाई. तुमचा काय गुन्हा? फक्त एक करा. पोरगं थांबलं तर रागवू नका.”

जीप आली. मी हो म्हणाले. ते हो मी पाळलं नाही, हे इथंच सांगून टाकते.

पहिला महिनाभर पाळलं. मग तिसऱ्या चाचणीची तारीख आली. शाळा पुन्हा खाली गेली असती तर खुलासा माझ्याकडून मागितला असता. मी घाबरट आहे, आणि खरं सांगायचं तर मला चांगलं म्हणवून घ्यायलाही आवडतं. मी मोबाईलवर मिनिट लावायला सुरुवात केली. फळ्यावर रोजचे आकडे. अडलं की सोड, पुढं चल. पोरं सुरुवातीला गोंधळली. वैष्णवी तर दर ओळीला माझ्या तोंडाकडं बघायची. एकदा ‘ओहोळ’ शब्दावर तिनं बोट ठेवलं. “मॅडम, ह्यो ओहोळ कोणता? आपल्या गावात हाय का?” गावाच्या पलीकडं, शंभर पावलांवर ओहोळ आहे. मी मोबाईलवर बोट आपटलं. “वेळ चाललाय, वैष्णवी.” समोरच्या खोलीत सर पाढे म्हणवून घेत होते. तेराचा पाढा मधेच थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

दिवाळीपर्यंत पोरं थांबायची बंद झाली. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार लवकर. सांगायला लाज वाटते, पण मला तेव्हा आनंद झाला. दुपारी शाळेसमोरून जाणारी माणसं वाचनाचा तो एकसुरी झपाटा ऐकून उभी राहायची आणि म्हणायची, आता कुठं शाळा शाळेसारखी वाटायली. तिसऱ्या चाचणीत वैष्णवी केंद्रात पहिली आली. मला प्रमाणपत्र मिळालं. सरांनी मनापासून अभिनंदन केलं, तोंडदेखलं नव्हे. त्याच आठवड्यात त्यांनी डबे एकेक करून करंजाखाली रिकामे केले. गाळ, मुरूम, पोयटा, चुनखडी, सगळ्याचा मिळून एक लहानसा ढीग झाला आणि पोरांनी तो खेळता खेळता तुडवला. रिकामे डबे सुमनबाईंनी घासून घेतले. मीठ-हळदीला चांगले होते.

त्यानंतर सर बदलले, असं म्हणता येणार नाही. वेळेवर यायचे, गणित मन लावून शिकवायचे. डबा खाताना माझ्याशी बोलायचे. फक्त विचारायचे बंद झाले. एकदा मी मुद्दाम म्हणाले, “सर, तारेवर एक पक्षी बसलाय बघा.” मला वाटलं, आता म्हणतील. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “हाव.” मला तिथल्या तिथं रडू आलं असतं. मी भाकरीत तोंड घातलं.

या वर्षी सर निवृत्त झाले. वैष्णवी चौथीत. निरोपसमारंभ शाळेतच ठेवला. मांडव, सतरंजी, शाल, श्रीफळ, गावातले चार प्रतिष्ठित, केंद्रप्रमुख. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एम.ए. मराठी, मला दोन वाक्यं स्वतःची लिहिता येत नव्हती का? येत होती. पण खरं लिहायचं तर त्यात मी आले असते. म्हणून मोबाईलवर कुठल्या तरी शाळेचं मानपत्र सापडलं, त्यातलं नाव बदललं आणि भोकरला छापून, चौकटीत घालून आणलं. ते वाचायला मी वैष्णवीला उभं केलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली चौथीतली पोर एवढं अवघड मानपत्र वाचते, हे पाहुण्यांना दिसावं, असाही माझा हेतू होता. चांगलं करतानाही माणूस काहीतरी साधूनच घेतो.

वैष्णवी उभी राहिली. दोन वेण्या, धुतलेला गणवेश. तिनं सुरुवात केली आणि मांडव शांत झाला. ‘ऋषितुल्य’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘निष्काम कर्मयोगी’. एकही शब्द कुठं अडला नाही. सर खुर्चीत शाल सावरून बसले होते. मी त्यांच्याकडं बघत होते. प्रत्येक जड शब्दाला ते थोडेसे पुढं वाकायचे आणि वैष्णवीच्या तोंडाकडं बघायचे. शब्द निघून जायचा. मग ते मागं टेकायचे. पुढच्या शब्दाला पुन्हा वाकायचे. ‘आपण ज्ञानयज्ञातील अखंड तेवणारी समिधा आहात’ या वाक्याला तर त्यांचा हात खुर्चीवरून उचलला गेला. समिधा तेवत नसते, हे मलाही तेव्हाच कळलं. वैष्णवीचा आवाज त्याच्यावरून तसाच पुढं गेला. शेवटचा शब्द संपला आणि टाळ्या वाजल्या. केंद्रप्रमुख शेजारच्याला म्हणाले, “बघा, झेडपीची पोरगी हाय.” सुमनबाई पदर डोळ्याला लावून रडत होत्या.

कार्यक्रम संपला. जीप दाराशी आली. सर चढण्याआधी वैष्णवी पाया पडायला वाकली. त्यांनी तिला उठवलं.

“लई झकास वाचलीस, माय. एक सांग. समिधा म्हंजे काय गं?”

“ठाऊक न्हाई, सर.”

“आन् ऋषितुल्य?”

तिनं मान हलवली. लाजली नाही, गोंधळली नाही. तिला त्यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं.

“मग थांबली कामून न्हाईस?”

“थांबलं की टायम जातोय ना, सर.”

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “हाव,” म्हणाले. “जातोय खरा.” मी बाजूलाच उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते मला म्हणाले, “येतो, बाई. पोरांना सांभाळा.” मग मांडीवर श्रीफळ आणि ती चौकट घेऊन ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले. जीप वळली. मागच्या काचेतून त्यांची पाठ आणि शालीचा काठ दिसत होता, आणि मग फाट्याच्या वळणावर तेही दिसेनासं झालं.

पोरं हात हलवून थकली आणि मांडवातल्या पेढ्यांकडं पळाली. वैष्णवी तेवढी माझ्यापाशी थांबली. तिनं माझी साडी ओढली.

“मॅडम, किती लागले?”

ती वाचत असताना मी सवयीनं मोबाईलवर वेळ लावला होता. मी तो पर्समधून काढला आणि तिला सेकंद सांगितले.